परतवाडा ते चिखलदरा सायकलने: शांत रस्ता, घाट आणि उतार

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याहून चिखलदऱ्याला जायला दोन रस्ते आहेत. एक धामणगाव गढी, सलोना, मोथा असा, साधारण ३० किलोमीटरचा. दुसरा घटांगवरून फिरून येणारा, लांबचा. सायकलवाल्याने पहिलाच धरावा. नकाशात घटांगचा रस्ता हिरव्यागार जंगलातून जाताना दिसतो आणि मोह होतो, पण घटांगपर्यंतचा तो रस्ता म्हणजे परतवाडा–धारणी वाहतुकीचाच रस्ता. मध्य प्रदेशात जाणारे ट्रक आणि लांब पल्ल्याच्या बस त्याच अरुंद वळणांतून जातात. बसला वळण घ्यायला अख्खा रस्ता लागतो आणि त्या वेळी सायकलला उभं राहायलाही साईडपट्टी उरत नाही.

मोथ्याचा रस्ताही काही बारा महिने शांत नसतो. जुलै ते सप्टेंबर, शनिवार-रविवारी, अमरावती आणि अकोल्याकडच्या गाड्यांची रांग घाटात लागते. फार गर्दी झाली की घाटात एकेरी वाहतूकही लावतात. तेव्हा उतरायचा रस्ता आपण ठरवला तो राहीलच असं नाही. त्याच रस्त्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मंगळवारी सकाळी एखादी एसटी, दुधाच्या कॅन लावलेल्या मोटरसायकली आणि ढोरं, एवढंच भेटतं. म्हणून रस्ता निवडण्याआधी वार आणि वेळ निवडा. वाटेतल्या गावांचा आठवडी बाजार कोणत्या वारी असतो तेही विचारून घ्या. बाजाराच्या दिवशी काळी-पिवळी जीप आणि मालवाहू ऑटो सकाळपासून धावतात आणि प्रवासी दिसला की इशारा न देता थांबतात.

वेळेचा एक पेच आहे. गाड्या नसतात ती पहाटेची वेळ, आणि अस्वल-बिबट्याची वेळही तीच. मेळघाटात अंधारात घाट चढायला लागू नये. उपाय सोपा आहे: सपाट भाग अंधारात किंवा झुंजूमुंजू असताना उरकायचा आणि घाटाच्या पायथ्याला सूर्योदयाच्या सुमारास पोचायचं. ऑक्टोबरच्या मध्यात इकडे सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो, डिसेंबरअखेर जवळजवळ सातला. परतवाड्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत सायकलला पाऊण तास धरा आणि त्या हिशेबाने निघा. पुढचा दिवा रस्ता दाखवणारा हवा, नुसता लुकलुकणारा नको, कारण संत्र्याच्या बागांमधून जाणाऱ्या या टप्प्यात रस्त्यावर बसलेली काळी म्हैस अंधारात अगदी चाकापाशी आल्यावर दिसते.

मार्च-एप्रिलमध्ये हा हिशेबही बदलतो. तेव्हा मोहफुलं पडतात. भल्या सकाळी ती वेचायला माणसं येतात आणि खायला अस्वलं. या दिवसांत ऊन नीट वर आल्याशिवाय जंगलात शिरू नका. अस्वल सहसा माग काढत येत नाही, पण अचानक समोरासमोर आलं तर बिथरतं. सायकल आवाज करत नाही हीच तिची अडचण. म्हणून आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवा, दोघं असाल तर मोठ्याने बोलत राहा. समोर दिसलंच तर थांबा, सायकल मधे धरा, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. फोटो काढायला थांबू नका. आणि मे महिन्यात हा बेतच नको. खाली पारा ४४-४५ ला गेलेला असतो आणि परतीचा सपाट पट्टा भर उन्हात येतो.

आता चढाचा हिशेब. परतवाडा समुद्रसपाटीपासून साधारण पावणेचारशे मीटरवर आणि चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. म्हणजे सव्वासातशे मीटर वर जायचं. पहिले बारा किलोमीटर जवळपास सपाट धरले तर उरलेल्या अठरात सरासरी चढ ४ टक्के येतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण सरासरीत मधली सपाटीही मोजली जाते. वळणाच्या आतल्या कडेला चढ याच्या दुप्पट लागू शकतो. चढताना वळण बाहेरच्या अंगाने घ्या, अंतर दोन-चार मीटर वाढतं पण चढ हलका होतो. समोरून गाडी येत नाही हे दिसत असेल तेव्हाच, नाहीतर मुकाट्याने डाव्या कडेने.

सायकलला किती गिअर आहेत याला घाटात महत्त्व नाही, सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे हे बघा. पुढच्या लहान चकतीचे दात मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीच्या दातांनी भागा. उत्तर १ किंवा त्याहून कमी आलं तर गाडी या घाटाला योग्य. समजा पुढे २८ आणि मागे २८, म्हणजे १. हायब्रिड सायकलचं चाक एका फेरीत साधारण २.१५ मीटर जातं. मिनिटाला ६० वेळा पायडल फिरलं तर वेग तासाला पावणेआठ किलोमीटर. हाच घाटाचा वेग, याची लाज वाटू द्यायची नाही. रेसिंग सायकलवर पुढे ३४ आणि मागे ३२ असले तर त्याच पायगतीला तासाला ८ किलोमीटर येतात, तेही चालतं. पण मागे २५ दातांची चकती असेल तर बदलून घ्या, त्यासाठी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आणि चेनची लांबी पुरते का हे दुकानदाराकडून आधी तपासून घ्या.

गावातली साधी बिनगिअरची सायकल? तिच्यात पुढे ४४, मागे १८ असे दात धरले तर ताशी ८ च्या वेगाला पायडल मिनिटाला जेमतेम २५ वेळा फिरतं. एकेका फेरीला सगळं वजन गुडघ्यावर. दणकट पायाची पोरं चढवतातही, पण अशा सायकलने सपाटीचे रस्ते करावेत आणि घाटात सरळ उतरून ढकलावी. ढकलण्याचा वेग ताशी ४ असतो. ढकलूनही चढण्याच्या निम्मा वेग राहतो हे एकदा ध्यानात आलं की हट्ट आपोआप सुटतो.

गिअर चढ लागण्याआधी बदला. पायावर पूर्ण जोर असताना बदलला की चेन ताणाखाली उडी मारते, वाकते, कधी तुटते. पहिल्या दोन किलोमीटरात धाप लागली तर वेग चुकला आहे. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच गतीने चढा. जंगलात थांबणं टाळा आणि श्वास घ्यायचाच असेल तर सरळ पट्ट्यात, दोन्हीकडून दिसेल अशा जागी घ्या. माकडांच्या टोळीजवळ पिशवी उघडू नका. मोथा हे गवळ्यांचं गाव, तिथे खवा मिळतो. चढून आल्यावर खायला हरकत नाही, कारण पुढे पठार आहे आणि रस्ता लाटांसारखा वरखाली होत चिखलदऱ्यात पोचतो.

घाटात माणूस जायबंदी होतो तो बहुधा उतरताना. तेव्हा निघायच्या आदल्या संध्याकाळी ब्रेक बघा. मूठ पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि हँडलमध्ये दोन बोटांची जागा राहिली पाहिजे. लिव्हर हँडलला टेकत असेल तर तार ओढून घ्या. ब्रेक शूवरच्या खाचा मिटल्या असतील तर शू बदला. शू टायरला घासत नाही ना, फक्त रिमवरच बसतो ना, हे वाकून बघा, कारण टायरला घासणारा शू अर्ध्या घाटात टायरची भिंत कापून टाकतो. डिस्क ब्रेकच्या चकतीला तेलाचा हात लागू देऊ नका. चेनला तेल देताना उडालेला एक थेंब ब्रेक निकामी करतो. मग पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा; हँडलच्या बुडाशी कट्कट् आवाज आला तर तिथला ढिलेपणा काढून घ्या, नाहीतर वेगात हँडल थरथरतं.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. रिम तापते, तापलेल्या रिमला लागून ट्यूब कमकुवत होते आणि पॅच सुटतो. दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग उतरवा, सोडा, रिमला वारा लागू द्या, पुन्हा दाबा. वेग वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर कमी करायचा. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं. वळताना आतल्या बाजूचं पायडल वर आणि बाहेरचं खाली, वजन बाहेरच्या पायावर. नजर चाकापुढे नको, वळण जिथे संपतं तिथे.

ताशी ४० च्या वेगात एका सेकंदात ११ मीटर जातात. माणसाला दिसून हात दाबेपर्यंत सेकंद गेलेला असतो. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावरही आणखी १५ मीटर लागतात. म्हणजे पंचवीस मीटर पुढचं दिसत नसेल तर ४० चा वेग आपला नाही. ओल्या रिमवर दुसरा आकडा सहज दुप्पट होतो. श्रावणात पठारावर धुकं उतरतं तेव्हा दहा मीटरपलीकडचं दिसत नाही. अशा वेळी ताशी १५ च्या वर जाऊ नका, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, आणि धुकं फारच दाटलं तर चहा मागवून ते विरायची वाट बघा.

वळणांवर गिट्टी आणि चुरी गाड्यांच्या चाकांनी ढकलली जाऊन कडेला आणि मधोमध साचते. चाकांच्या दोन पट्ट्यांपैकी डावी पट्टी स्वच्छ असते, तीच धरा. झाडांच्या सावलीत पावसाळ्याअखेर डांबरावर हिरवं शेवाळ धरतं. सागाची ओली पानंही तशीच घसरडी. पावसाळ्यात दरडीतून सुटलेले दगड वळणापलीकडे पडलेले असतात आणि ते वरून येणाऱ्याला शेवटच्या क्षणी दिसतात. समोरून एसटी चढत येत असेल तर चढणाऱ्याला वाट देण्याची रीत पाळा. चढावर अडलेली बस पुन्हा उचलायला चालकाला त्रास होतो, आपल्याला थांबायला काही लागत नाही. थंडीत उतरण्याआधी छातीवर, सदऱ्याच्या आत, वर्तमानपत्राची चौघडी घाला. वारा लागत नाही, आणि पायथ्याशी काढून टाकता येतं. बोटं गारठली की ब्रेक दाबला जात नाही, म्हणून हातमोजे पूर्ण बोटांचे.

टायर २८ मिलिमीटरपेक्षा अरुंद नकोत, ३२ ते ३५ उत्तम. ६५ ते ७० किलोच्या माणसाला ३२ च्या टायरमध्ये मागे ७० आणि पुढे ६० पीएसआय हवा पुरते. दगडासारखी कडक हवा भरली की ठिगळांच्या रस्त्यावर चाक उडतं आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही. बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अॅडॉप्टर जवळ ठेवा; गावच्या पंक्चरवाल्याकडचा पंप त्याशिवाय बसत नाही.

पंक्चर बहुतेक बाभळीच्या काट्याचं असतं. उन्हाळ्याच्या शेवटी वावराच्या कुंपणासाठी काटेरी फांद्या रस्त्यावरून ओढत नेतात, तेव्हा तर हमखास. काटा टायरमध्ये मोडून राहतो आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर करतो. म्हणून टायरच्या आतून बोट फिरवू नका, सुती रुमाल फिरवा. जिथे रुमालाचा धागा अडकतो तिथे काटा आहे. आतून खिळ्याने ढकला, बाहेरून नेलकटरने उपटा. टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवलं असेल तर ट्यूबचं भोक पाहून टायरमधली जागा लगेच सापडते. सोल्यूशन लावल्यावर तीन-चार मिनिटं वाळू द्या. ओल्यावर लावलेला पॅच हवा भरली की सरकतो. दोन ट्यूब, पॅच, दोन टायर लिव्हर, पंप, षट्कोनी पाने, चेनचं टूल आणि जोडकडी एवढं सोबत असावं. घाटात पंक्चरचं दुकान मिळेल या भरवशावर राहू नका, मोबाईलला रेंज मिळेल या भरवशावर तर नाहीच. नकाशा आधीच उतरवून ठेवा, घरी परतायची वेळ सांगून निघा. रुग्णवाहिकेचा नंबर १०८, पण तो लावायला रेंजच्या जागेपर्यंत जावं लागतं, म्हणून एकट्याने हा घाट करू नये.

पाणी थंडीत तासाला अर्धा ते पाऊण लिटर, फेब्रुवारीनंतर लिटरभर. चढाला अडीच तास धरले तर पायथ्याशी दोन बाटल्या भरलेल्या हव्यात. एका बाटलीत मीठ-साखर किंवा ओआरएस. २१ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्याला असतं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अर्धंच टाका. दर तासाला एक-दोन केळी किंवा गूळ-शेंगदाण्याचा लाडू. परतवाड्याला निघताना तर्री-पोह्यांचा आग्रह होईल. पोहे खा, तर्री परतल्यावर.

घाट सोडून नुसते शांत, चढउताराचे रस्ते हवे असतील तर ते ओळखायची खूण रस्त्याच्या कडेलाच रोवलेली असते. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं म्हणजे राज्य महामार्ग, ते टाळा. भगव्या डोक्याचा दगड ग्रामसडकेचा. तोच हवा. हे रस्ते बहुधा पावणेचार मीटर रुंद असतात. दोन मोठी वाहनं डांबरावर मावत नाहीत, म्हणून ट्रक तिकडे फिरकत नाहीत. पण ट्रॅक्टर आला की आपल्याला साईडपट्टीवर उतरावं लागतं. डांबराची कड तिथे चार बोटं उंच असते. परत वर येताना कडेला समांतर चढू नका, पुढचं चाक घासून गाडी आडवी होते. वेग कमी करून कडेला काटकोनाच्या जवळपास चढा, नाहीतर उतरून उचला.

मोबाईलचा नकाशा आडवाटेने जवळचा रस्ता सुचवतो तेव्हा सावध. तो पुष्कळदा पांदण रस्ता, म्हणजे शेतांमधली मातीची वाट, निघतो. उन्हाळ्यात पांदण ठीक. पाऊस पडल्यावर काळी माती टायरला, मग ब्रेकला, मग मडगार्डला चिकटत जाते आणि शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. ट्रॅक्टरच्या चाकांनी हीच माती डांबरावर आणलेली असते, त्यावर पहिल्या सरीनंतर ब्रेक लावू नका, गाडी सरळ ठेवून जाऊ द्या. रपट्यावर, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावर, पाणी वाहत असेल तर ते घोटाभर असलं तरी सायकल घालू नका. खालचं शेवाळ दिसत नाही, तुटलेला भाग तर नाहीच. ऑक्टोबरात गावाजवळ रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, दाणे चाकाखाली छऱ्यांसारखे फिरतात. उतरून चालत जा. धान्य कुणाच्या तरी घरचं आहे, त्यावरून चाक नेलं तर मिळणाऱ्या शिव्या रास्त असतात.

सरावासाठी परतवाडा–खरपी–मुक्तागिरी चांगला. एका बाजूने चौदा-पंधरा किलोमीटर, हळूहळू डोंगराच्या कुशीत जाणारा. मुक्तागिरीची जैन मंदिरं मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात आहेत, म्हणजे राज्याची सीमा ओलांडून जायचं. मोर्शीहून सालबर्डी आणखी जवळ, आठेक किलोमीटर. महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिवस तेवढे टाळा. मोर्शी–वरुड पट्ट्यातले बागांमधले रस्ते सुंदर, पण आंबिया बहाराची संत्री निघतात त्या नोव्हेंबर-डिसेंबरात भरलेल्या ट्रकांची वर्दळ असते. मृग बहाराला फेब्रुवारी-मार्चमध्ये तेच.

बुलडाण्याकडचा बोथा घाट खामगावहून करा, बुलडाण्याहून नको. बुलडाणा वर आहे. तिथून निघालात तर सकाळी ताज्या पायांनी उतार आणि परतताना उन्हात चढ. रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत निघालेला टी१सी१ वाघ २०१९ मध्ये इथेच येऊन राहिला होता. तेव्हा उजेडाचे नियम इथेही तेच.

अकोटहून पोपटखेड, शहानूर हा रस्ता नरनाळ्याच्या पायथ्याशी जातो. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे, सायकल शहानूरच्या गेटपर्यंतच न्यायची. पुढे जायचं तर वन विभागाची परवानगी आणि वाहन लागतं. गेटची वेळ आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या, आणि सायकलला बांधायला साखळी-कुलूप न्या; किल्ला बघून यायला चार तास सहज जातात.